चोवीस शब्द आणि एक हिमनग

सामन्याला तासभर उरला आहे. खेळाडूच्या हातात एक कागद येतो. त्यावर चोवीस शब्द छापलेले असतात: भेदरलेला, तरतरीत, गोंधळलेला, गळून गेलेला, चिडलेला, सावध, दुःखी, काळजीत... प्रत्येक शब्दापुढे शून्य ते चार असे आकडे. शून्य म्हणजे 'अजिबात नाही', चार म्हणजे 'अतिशय'. प्रश्न एकच, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय? दोन मिनिटांत खुणा करून कागद परत द्यायचा. सुई टोचायची नाही, छातीला तारा लावायच्या नाहीत.

बेरीज केली की सहा आकडे हाती येतात. ताण, खिन्नता, राग, जोम, थकवा आणि गोंधळ. प्रत्येकाच्या वाट्याला चार शब्द, म्हणून प्रत्येक आकडा शून्य ते सोळाच्या मधला. शाळकरी मुलालाही जमेल असं हे गणित. ते तसंच असावं, हाच हेतू होता. ही चोवीस शब्दांची यादी १९९९ साली पीटर टेरी, अँड्र्यू लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलामुलींसाठी तयार केली. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठावरून तिला 'ब्रुनेल मूड स्केल' असं नाव मिळालं. पुढे ती मोठ्यांसाठी पारखली गेली आणि मलेशियापासून ब्राझीलपर्यंत कितीतरी भाषांत उतरली.

आपल्याकडे 'मूड नाही' हे वाक्य कामचुकारपणाचं लक्षण मानतात. मैदानावर तर ते उच्चारायचीही सोय नाही. मूड गेला खड्ड्यात, आधी पाच फेऱ्या मार, असंच उत्तर मिळणार. पण गेल्या पन्नास वर्षांत या मूडचा माग काढणाऱ्या संशोधकांच्या हाती जे लागलं, ते चक्रावून टाकणारं आहे. खेळाडूचं शरीर किती भार पेलतंय हे रक्ताच्या तपासणीत दिसायच्या आधी त्याच्या मूडमध्ये दिसू शकतं. राग हा शत्रू की मित्र, हे एखाद्या खुणेवर ठरू शकतं. आणि ज्या कामासाठी हे मोजमाप खेळात आणलं गेलं, त्या कामात ते जवळपास नापास झालं!

रुग्णालयातून मैदानात

या कागदाचा पूर्वज खेळासाठी जन्माला आलेलाच नव्हता. १९७१ साली डग्लस मॅकनेअर, मॉरिस लॉर आणि लिओ ड्रॉपलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 'प्रोफाइल ऑफ मूड स्टेट्स' नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात पासष्ट शब्द होते. मानसिक त्रासासाठी उपचार घेणाऱ्या रुग्णांना औषधानं किंवा समुपदेशनानं काही फरक पडतोय का, हे अधूनमधून बघता यावं, म्हणून ती केली होती. सहा मोजपट्ट्यांपैकी पाच तक्रारींच्या आहेत आणि जोमाची तेवढी एकच सुखाची, त्याचं कारण हेच. दुखणं शोधायला बसलेल्या माणसानं केलेली ती यादी होती.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या विल्यम मॉर्गन यांनी ती उचलली आणि थेट निरोगी माणसांच्या, म्हणजे खेळाडूंच्या हातात दिली. तो काळ क्रीडा मानसशास्त्रासाठी जरा गोंधळाचाच होता. विजेत्याचं व्यक्तिमत्त्व काही वेगळं असतं का, याचा शोध दोन दशकं चालला होता आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला छेद देत होता. मॉर्गन यांनी प्रश्नच सोपा करून टाकला. मन जितकं निरोगी, तितकी खेळात यशाची शक्यता जास्त, असं त्यांचं म्हणणं. हे साधं वाटतं, पण त्या काळी झपाटलेला, अर्धवट वेडा वाटावा असा माणूसच शिखर गाठतो ही समजूत चांगलीच रुजलेली होती. मॉर्गन तिच्या उलट बाजूला उभे राहिले.

त्यांनी ऑलिंपिक संघासाठी धडपडणारे कुस्तीगीर तपासले, नौकानयनाचे खेळाडू तपासले, लांब पल्ल्याचे धावपटू तपासले. आकडे एका समान मापात बसवून आलेखावर मांडले. आलेखाच्या मधोमध पन्नासची आडवी रेघ होती, म्हणजे सर्वसामान्यांची सरासरी. यशस्वी खेळाडूंचे ताण, खिन्नता, राग, थकवा आणि गोंधळ हे पाचही बिंदू त्या रेघेखाली गेले. जोमाचा एकच बिंदू रेघेच्या वर सुळक्यासारखा निघाला. मॉर्गन यांनी ती रेघ म्हणजे समुद्राची पातळी मानली आणि आकृतीला नाव दिलं 'आइसबर्ग प्रोफाइल', हिमनगाची आकृती. १९८० साली हे संशोधन एका लोकप्रिय मानसशास्त्रीय मासिकातून सामान्य वाचकांपर्यंत पोचलं आणि क्रीडा मानसशास्त्राचं क्वचितच एखादं पाठ्यपुस्तक असेल, ज्यात हे चित्र नाही.

पाण्याची पातळीच चुकली

चित्र देखणं असलं की लोक त्याच्याकडून जास्त मागू लागतात. खिन्नता कमी आणि जोम जास्त हीच विजेत्याची खूण असेल, तर निवड चाचणीतच कागद वाटा, हिमनग दिसेल त्याला संघात घ्या आणि बाकीच्यांना घरी पाठवा, अशी आशा पालवली. मॉर्गन यांनी स्वतः हे साधन एकट्यानं निवडीसाठी पुरेसं आहे असं म्हटलं नव्हतं. पण कल्पनेला पाय फुटले होते.

१९९५ साली अॅलन रोली, डॅनियल लँडर्स आणि सहकाऱ्यांनी तोवरचे तेहतीस अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. यशस्वी खेळाडूंचा मूड कमी यशस्वी खेळाडूंपेक्षा खरंच बरा निघाला. पण किती? यशापयशातल्या एकूण तफावतीचा एक टक्कादेखील त्यानं उलगडत नव्हता. पाच वर्षांनी ख्रिस बीडी, टेरी आणि लेन यांनी वेगळ्या अभ्यासांची मोट बांधली, तिथेही वरच्या आणि खालच्या पातळीच्या खेळाडूंत नावालाच फरक दिसला. राष्ट्रीय संघातल्या धावपटूचा हिमनग आणि रविवारी हौसेनं पळणाऱ्याचा हिमनग शेजारी ठेवले, तर कुठला कोणाचा हे ओळखता येईना.

गोम होती त्या पन्नासच्या रेघेत. ती सरासरी प्रामुख्यानं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरून काढलेली होती. नियमित व्यायाम करणाऱ्या माणसाचा मूड तसाही बरा असतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या शेजारी बसवला की जवळजवळ प्रत्येक खेळाडू हिमनगच दिसणार. टेरी आणि लेन यांनी २००० साली २,०८६ खेळाडूंचे आकडे घेऊन नवी सरासरी बांधली. रेघ बदलताच नेहमीच्या खेळाडूची आकृती सपाट झाली. मॉर्गन यांनी बघितलेला सुळका खराच होता. तो विजेत्याचा म्हणून वाचला गेला आणि निघाला मात्र खेळणाऱ्या कुठल्याही माणसाचा.

इथे एखादं साधन अडगळीत गेलं असतं. पण त्याच मॉर्गन यांच्या हातून, त्याच विद्यापीठाच्या तरणतलावावर, दुसरंच काहीतरी घडत होतं.

तलावावरचं हंगामभराचं चित्र

जलतरण हा सरावाच्या बाबतीत निर्दय खेळ आहे. पाण्यात सांध्यांना धक्के बसत नाहीत, त्यामुळे धावपटूला जे झेपणार नाही ते पोहणाऱ्याकडून करून घेता येतं. दिवसाला नऊ-दहा किलोमीटर पोहणं ही तिथे नवलाईची गोष्ट नाही. हंगामाच्या सुरुवातीला थोडं, मध्यावर भरपूर आणि मोठ्या स्पर्धेच्या आधी काही आठवडे पुन्हा उतरतं, असा सरावाचा चढउतार असतो. मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या काळात सुमारे चारशे जलतरणपटूंना, मुलगे आणि मुली दोघांनाही, ही प्रश्नावली हंगामभर पुन्हा पुन्हा भरायला लावली. १९८७ साली त्यांनी तो सगळा ऐवज प्रसिद्ध केला.

हंगामाच्या सुरुवातीला हिमनग ताठ उभा होता. सरावाचं अंतर वाढत गेलं, तसा जोमाचा सुळका खचत गेला. थकवा वर आला, त्याच्या मागोमाग खिन्नता, राग, ताण. सराव शिगेला पोचला तेव्हा कित्येकांची आकृती उलटी झालेली होती, सुळका पाण्याखाली आणि तक्रारी पाण्यावर. स्पर्धेपूर्वी सराव उतरवला, तसा हिमनग पुन्हा सरळ झाला. औषधाच्या मात्रेबरोबर परिणाम वाढावा आणि मात्रा उतरवल्यावर ओसरावा, इतकं ते नियमित होतं. पोहलेलं अंतर आणि मनातली उदासी हातात हात घालून चालत होती.

यातली एक बारकाई लक्षात घेण्यासारखी आहे. थकवा वाढला यात नवल काही नाही. पण पोहण्याच्या मीटरांचा आणि रागाचा काय संबंध? दुःखाचा काय संबंध? या मुलांच्या आयुष्यात दुःखद असं काही घडलेलं नव्हतं. ते फक्त जास्त पोहले होते.

१९८८ साली डेव्हिड कॉस्टिल आणि मॉर्गन यांच्या गटांनी मिळून हेच दहा दिवसांत दाबून बघितलं. बारा जलतरणपटूंचा रोजचा सराव सुमारे ४,२६६ मीटरवरून ८,९७० मीटरवर नेला, म्हणजे एका झटक्यात दुपटीहून अधिक. शेवटी चाचण्या घेतल्या तेव्हा पोहण्याची ताकद, छोट्या अंतराचा वेग आणि दमश्वास, तिन्ही जागच्या जागी होते. घड्याळ बघणाऱ्या प्रशिक्षकानं म्हटलं असतं, उत्तम चाललंय. पण मूडच्या कागदावर खिन्नता, राग आणि थकवा वर गेलेले होते आणि बरं वाटण्याची जाणीव खाली आलेली होती.

त्या बारांपैकी चौघांना मात्र नवा भार झेपला नाही, सरावात त्यांना वेग कमी करावा लागला. त्यांच्या स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासले, तर साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, इतरांपेक्षा बरंच कमी निघालं. कारण? सराव दुप्पट झाला होता आणि ताटातलं पिष्टमय अन्न त्या मानानं फारच कमी होतं. 'याच्यात दमच नाही' असा शिक्का बसला असता, पण प्रश्न प्रत्यक्षात पोटभर न जेवल्याचा होता.

शरीर मनाकडून निरोप पाठवतं

जास्त व्यायामानं उदास का वाटावं, याचं संपूर्ण उत्तर अजून हाती नाही. पण २००० साली ल्युसिल स्मिथ या संशोधिकेनं मांडलेली एक कल्पना विचार करायला लावते. खूप सरावानं स्नायूंना, सांध्यांना बारीक बारीक इजा होतात. विश्रांती मिळाली तर त्या भरून येतात. ती मिळाली नाही, तर इजेच्या जागी जमणारे प्रतिकारसंस्थेचे निरोपे, सायटोकाइन्स, रक्तात इतके वाढतात की मेंदूपर्यंत त्यांची खबर जाते. ताप आल्यावर भूक मरते, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, कुठल्याच गोष्टीत गोडी राहत नाही, अंथरूण सोडवत नाही. तो आजाराचा दोष नसतो. शरीर आपल्याला सक्तीनं झोपवत असतं. अतिसरावानं दमलेल्या खेळाडूची उदासी हा त्याच यंत्रणेचा आवाज असावा, असं स्मिथ यांचं म्हणणं. तसं असेल तर 'मूड नाही' हा शरीराचाच अहवाल आहे, फक्त मनाच्या लेटरहेडवर आलेला.

आणि हा अहवाल किती भरवशाचा? ऑस्ट्रेलियातल्या अॅना सॉ, लुआना मेन आणि पॉल गॅस्टिन यांनी २०१६ साली छप्पन्न अभ्यासांचा आढावा घेतला. एका बाजूला हृदयाचे ठोके, रक्तातली संप्रेरकं, स्नायूंच्या झिजेच्या खुणा, प्राणवायूचा वापर. दुसऱ्या बाजूला खेळाडूनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं. सरावाचा भार वाढला-घटला हे अधिक संवेदनशीलपणे आणि अधिक सातत्यानं दाखवण्यात दुसरी बाजू सरस ठरली. ज्या युगात मनगटावरचं घड्याळ झोपेचेही गुण देतं, त्या युगात 'कसं वाटतंय रे?' हा प्रश्न प्रयोगशाळेला मागे टाकतो, ही गोष्ट मला तरी थक्क करते.

स्वीडनच्या कॅनोपटूंनी त्याचा रोकडा उपयोग करून दाखवला. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकची तयारी करणाऱ्या चौदा जणांच्या मूडची नोंद नियमित घेतली गेली. प्रत्येकाची तुलना त्याच्याच हंगामाबाहेरच्या आकड्याशी. मूड त्याहून पन्नास टक्क्यांनी बिघडला की सराव कमी करायचा आणि पूर्ववत झाला की पुन्हा वाढवायचा. निम्म्याहून जास्त खेळाडूंचा सराव तयारीच्या काळात कधी ना कधी कमी करावा लागला आणि निम्म्याहून जास्त जणांचा वाढवावाही लागला. यातला वाढवण्याचा भाग विसरला जातो. मूड बघणं म्हणजे लाड करणं नव्हे. कागद 'थांब' म्हणतो, तसा 'अजून झेपेल' असंही म्हणतो.

खिन्नतेची एक खूण

सरावाचं झालं. ऐन सामन्याच्या तोंडावर हा कागद काही सांगतो का?

बीडी, टेरी आणि लेन यांच्या २००० सालच्या त्या अभ्यासाला दुसरा भागही होता. सामन्याच्या आधीचा मूड आणि लगेच नंतरचा निकाल यांची सांगड घालणारे सोळा अभ्यास त्यांनी वेगळे काढले. इथे मात्र संबंध बराच स्पष्ट दिसला. जोम असेल तर खेळ बरा होतो, गोंधळ आणि खिन्नता असेल तर बिघडतो. राग आणि ताणाचा परिणाम कमी होता आणि थकव्याचा तर फारच थोडा. हा संबंध कमी वेळ चालणाऱ्या खेळांत अधिक ठळक होता. आणखी एक अट निर्णायक ठरली. खेळाडूची कामगिरी त्याच्या स्वतःच्या अपेक्षेशी ताडून बघितली, तर मूड जास्त काही सांगून जायचा. फक्त हार-जीत बघितली, तर कमी. तेही रास्तच आहे. समोरचा तुमच्यापेक्षा दहा पट तयार असेल, तर तुमचा जोम सोळापैकी सोळा असून काय उपयोग?

राग आणि ताण यांचं कोडं मात्र सुटत नव्हतं. काही अभ्यासांत हे दोन्ही खेळ बिघडवत होते, तर काहींत चक्क सुधारत होते. टेरी आणि अँथनी स्लेड यांनी कराटेपटूंचा अभ्यास केला, तेव्हा जिंकणाऱ्यांचा राग हरणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. हिमनगाच्या चित्रात राग पाण्याखाली असायला हवा होता!

लेन आणि टेरी यांनी आकड्यांकडे पुन्हा बघितलं आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. सामन्याआधी खिन्नतेच्या चारही शब्दांपुढे शून्य लिहिणारे खेळाडू भरपूर होते. म्हणजे खिन्नता कमी की जास्त हा प्रश्नच नव्हता. खेळाडूंचे सरळ दोन गट पडत होते, खिन्नता अजिबात नसलेल्यांचा आणि थोडी का होईना असलेल्यांचा. दुसऱ्या गटात राग, ताण, गोंधळ, थकवा सगळंच वाढलेलं आणि जोम घटलेला. दुधात विरजणाचा थेंब पडावा आणि सगळं पातेलं पालटावं, तसं एवढ्याशा खिन्नतेनं बाकीचे पाचही आकडे पालटत होते.

त्यांनी मांडलेलं स्पष्टीकरण असं. खिन्नता नसेल, तेव्हा राग बाहेरच्या दिशेनं जातो, चुकलेल्या फटक्यावर, प्रतिस्पर्ध्यावर, आणि त्यातून जिद्द येते. ताणाचा अर्थ 'आज काहीतरी महत्त्वाचं आहे, तयार राहा' असा लागतो. खिन्नता असेल, तेव्हा तोच राग आत वळतो आणि खेळाडू स्वतःलाच दोष देत बसतो. तोच ताण 'आज आपलं काही खरं नाही' असा वाचला जातो. धडधड तीच, तळहाताचा घामही तोच, फक्त अर्थ फिरलेला. जोम मात्र दोन्ही गटांत उपकारकच राहतो.

विचार करून बघा, प्रशिक्षक खेळाडूला किती वेळा सांगतो, 'रागावू नको, टेन्शन घेऊ नको'. या मांडणीप्रमाणे बघायची गोष्ट भलतीच आहे. राग आहे का, याच्या आधी उदासी आहे का, ते बघायला हवं. उदास नसलेल्या खेळाडूचा राग शांत करणं म्हणजे त्याची शिदोरीच काढून घेणं ठरू शकतं.

ज्याचा त्याचा हिमनग

सोव्हिएत काळात लेनिनग्राडमध्ये काम सुरू केलेले आणि नंतर फिनलंडमध्ये स्थायिक झालेले युरी हानिन दुसऱ्या वाटेनं अशाच ठिकाणी पोचले. सगळ्यांसाठी योग्य असा एकच ताण नसतो, हे त्यांचं सूत्र. कोणी शांत असताना सर्वोत्तम खेळतो, कोणी पोटात गोळा आल्याशिवाय खेळूच शकत नाही. प्रत्येकाचा स्वतःचा एक पट्टा असतो आणि तो त्याच्याच चांगल्या-वाईट दिवसांच्या आठवणींतून शोधावा लागतो. त्यामुळे 'शांत हो' हा सल्ला एका खेळाडूला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरतो.

आकृत्यांची संख्याही वाढली आहे. टेरी पुढे ऑस्ट्रेलियातल्या सदर्न क्वीन्सलँड विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी आणि रेनी पार्सन्स-स्मिथ यांनी ऑनलाइन गोळा झालेल्या हजारो मूड-नोंदी संगणकाला वर्गवारीसाठी दिल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा आकृत्या पुन्हा पुन्हा समोर आल्या. हिमनग होता आणि उलटा हिमनगही होता. सगळं सरासरीच्या रेघेवर तरंगणारी एक आकृती, सगळं रेघेखाली बुडालेली एक. खिन्नता, राग आणि गोंधळ उंच चढलेली, क्वचित आढळणारी आणि ताबडतोब लक्ष मागणारी 'उलटी एव्हरेस्ट'. आणि एक फारच बोलकी, 'शार्कचा पर', ज्यात थकवा तेवढा एकटा पाण्यावर आलेला आणि बाकी सगळं खाली. असा माणूस दुःखी नसतो, चिडलेला नसतो, त्याला फक्त झोप हवी असते. त्याला प्रेरणादायी भाषण देऊन काय होणार?

मूड मोजणं एक आणि तो बदलणं दुसरं. लेन पुढे वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि बीबीसीच्या एका ऑनलाइन प्रयोगाचे सूत्रधार ठरले. चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा धावपटू मायकेल जॉन्सन त्यात मार्गदर्शनाच्या छोट्या चित्रफितींत दिसायचा. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सहभागींचा आकडा होता ४४,७४२. चौकटीतले विखुरलेले अंक क्रमानं झटपट टिपायचे, एवढाच खेळ, पण स्पर्धेचा. प्रत्येक गटाला एकेक लहानशी युक्ती शिकवली होती. स्वतःशी 'पुढच्या वेळी मी याहून चांगलं करीन' असं बोलणं आणि आपण नीट करतोय असं मनात चित्र आणणं, या दोन युक्त्यांनी नुसत्या सरावापेक्षा जास्त फायदा झाला. काही मिनिटांचं शिक्षण, तेही पडद्यावरून, आणि तरी फरक पडला.

मराठी वाचकाला इथे नाशिकच्या भीष्मराज बाम यांची आठवण होईल. पोलीस सेवेत आयुष्य काढलेला हा माणूस पुढे नेमबाजांचा आणि इतर खेळाडूंचा मानसिक प्रशिक्षक झाला आणि योगाभ्यासाची भाषा वापरून तो एकाग्रता शिकवायचा. बाम यांची परंपरा निराळी, शब्द निराळे. पण मनाची अवस्था नशिबावर न सोडता सरावानं घडवता येते, हा विश्वास दोन्हीकडे सारखाच.

खरं लिहिण्याची किंमत

या साधनाची एक कमजोरी इतकी उघड आहे की ती सांगायचीच राहून जाते. खोटं लिहिणं अतिशय सोपं आहे. 'दुःखी' या शब्दापुढे शून्य लिहायला कोण अडवणार? रक्त खोटं बोलत नाही, कागद बोलू शकतो.

आता मॉर्गन यांच्या हिमनगाकडून लोकांनी काय मागितलं होतं ते आठवा. त्यांना निवड हवी होती. समजा एखाद्या संघानं ठरवलं की मूडच्या गुणांवर उद्याचे अकरा निवडायचे. पहिल्याच दिवशी सगळे हिमनग होतील. ज्याला रात्रभर झोप लागली नाही तोही 'तरतरीत'पुढे चार लिहील. त्या कागदाची किंमत त्याच क्षणी शून्य. उलट स्वीडनच्या कॅनोपटूला ठाऊक होतं की 'गळून गेलो' असं लिहिलं तर आपलं नाव कापलं जाणार नाही, सराव हलका होईल आणि चार दिवसांनी परत वाढेल. त्याला खोटं लिहायचं कारणच नव्हतं.

म्हणून या संशोधनाचा पन्नास वर्षांचा प्रवास मला उलट्या दिशेचा वाटतो. विजेते शोधून काढायला निघालेलं साधन त्यात फसलं आणि आहेत ते खेळाडू मोडू न देण्याच्या कामी आलं. एकाला दुसऱ्याशेजारी ठेवून ते फारसं काही सांगत नाही. एकाच खेळाडूची आजची नोंद त्याच्याच मागच्या महिन्याच्या नोंदीशेजारी ठेवली, की ते बोलू लागतं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तालुक्याच्या मैदानावर मुलींना धावायला शिकवणाऱ्या शिक्षकालाही एक वही पुरते. त्याच त्याच सहा गोष्टी, रोज त्याच वेळी, आकड्यांत. पण वहीच्या आधी एक गोष्ट त्याला सिद्ध करावी लागते. 'आज मन लागत नाही' असं पहिल्यांदा लिहिणाऱ्या मुलीला तो त्या दिवशी काय म्हणतो, यावरच पुढच्या सगळ्या पानांचा खरेपणा ठरतो.